‘उचल’ म्हणायच्या आधी

पाटणकरने तिची यादी वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद काउंटरवर टाकला.

“गेम आणि क्रेन एकाच संगणकावर? दोन पडदे लावून?”

“हो.”

“दोन डबे घे. एकावर काम कर, एकावर खेळ. कंपनीचा नियमही तोच आहे ना?”

“नियम मला पाठ आहे. मी प्रोसेसर घ्यायला आलेय, अक्कल घ्यायला नाही.”

पाटणकरला असल्या बोलण्याची सवय होती. पुरानंतर त्याने चिपळूणच्या बाजारपेठेतलं आपलं दुकान पहिल्या मजल्यावर हलवलं होतं आणि जिना चढून आलेली गिऱ्हाइकं बहुतेक वेळा चिडलेलीच असत. पण शाल्मली सुर्वे जिन्यामुळे चिडलेली नव्हती. आदल्या रविवारी ‘रणमंडळ’ या खेळाच्या अंतिम फेरीत तिचा संघ हरला होता आणि तिच्यामुळे हरला होता. ऐन मोक्याला तिचा पडदा अर्धा सेकंद गोठला. का गोठला, हे तिने संघातल्या कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या अर्ध्या सेकंदात तिच्या संगणकाने आपली सगळी ताकद दुसऱ्या पडद्याला दिली होती. दुसऱ्या पडद्यावर काळसुरी बंदरातली सात नंबरची क्रेन होती आणि क्रेनला लटकलेला बावीस टनांचा कंटेनर.

क्रेन चालवणं हीच तिची नोकरी. तिचे वडील, वसंत सुर्वे, हीच क्रेन चालवायला रोज पस्तीस मीटरची शिडी चढत. सहा वर्षांपूर्वी बंदराच्या कंपनीने केबिनांना कुलपं लावली, क्रेनवर कॅमेरे बसवले आणि चालकांना घरी बसवलं. वसंतरावांना म्हातारे म्हणून, आणि बाकीच्यांना कामाला. शाल्मलीने परीक्षा दिली, पहिली आली आणि बापाचीच क्रेन तिच्या खोलीतल्या पडद्यावर आली. जमिनीवर मात्र अजून एक माणूस लागत होता. कंटेनर ट्रेलरवर चार कोपऱ्यांना लॉकनी जखडलेला असतो. ती लॉक हाताने सोडवायची, चारही सुटली का ते डोळ्याने बघायचं, आजूबाजूला कुणी नाही याची खात्री करायची, आणि मग वॉकीवर म्हणायचं, “उचल.” सात नंबरवर चोवीस वर्षं हा शब्द हमीद परकार म्हणत आला होता.

एक कंटेनर जहाजावर ठेवला की पुढचा ट्रेलर येईपर्यंत चाळीस-पन्नास सेकंद रिकामे. दिवसभरात असे दोनशे वेळा. त्या चाळीस सेकंदांत शाल्मली खेळायला लागली आणि दोन वर्षांत राज्यातल्या पहिल्या दहांत आली. सामने दिवसा असत, ड्यूटीही दिवसा असे. तिला दोन्ही हवं होतं.

“हे बघ,” पाटणकरने दोन खोकी समोर ठेवली. “हा साधा. चोवीस कोअर. आठ मोठे, सोळा लहान. जड काम मोठ्यांना, किरकोळ काम लहानांना. तुझ्या जुन्यापेक्षा तिप्पट दणकट. पण कुठलं काम जड ते हा त्याच्या हिशोबाने ठरवणार. तुझं मन या क्षणी कुठल्या पडद्यावर आहे ते त्याला कळत नाही.”

“आणि हा?”

“हा ‘पूर्वा’.” पाटणकरने दुसऱ्या खोक्यावर हात ठेवला, पण ते पुढे सरकवलं नाही. “याच्याबरोबर एक छोटा कॅमेरा येतो. तो तुझ्या बुबुळांवर नजर ठेवतो. तू जिकडे बघशील तिकडे मोठे कोअर. आणि तू कुठे बघणार आहेस, ते हा आधीच ओळखतो.”

“आधी म्हणजे?”

“आता नीट ऐक. प्रोसेसर अंदाज बांधतात हे काही नवीन नाही, माझ्या शाळेपासूनचं आहे. प्रोग्राम चालता चालता दुफाटा येतो. हे खरं असेल तर डावीकडे जा, खोटं असेल तर उजवीकडे. खरं-खोटं कळेपर्यंत थांबलं तर वेळ जातो. म्हणून चिप मागचा अनुभव बघते, एक रस्ता धरते आणि कामाला लागते. अंदाज बरोबर आला तर वेळ वाचला. चुकला तर केलेलं सगळं पुसायचं, दुफाट्यावर परत यायचं. तुला-मला पत्ताही लागत नाही. ‘पूर्वा’ एवढंच करतो की प्रोग्रामच्या जागी तुला धरतो. तुझा हात, तुझी नजर, तुझ्या कानावर पडणारा आवाज. तू बटण दाबायच्या आधी हा कामाला लागलेला असतो.”

“हाच दे.”

“यात ‘पूर्वकृती’ म्हणून एक सोय आहे. गेममध्ये चालू कर, क्रेनवर करू नकोस. कंपनी काय सांगते ते जाऊ दे, मी सांगतोय.”

“बिल कर,” शाल्मली म्हणाली.

घरी वसंतराव तिच्या खोलीच्या दारात उभं राहून जोडणी बघत होते. आई गेल्यापासून घरात ही दोघंच होती आणि दोघांना एकमेकांशी बोलायला क्रेनशिवाय विषय नव्हता. क्रेनवर बोलायला लागले की भांडण व्हायचं.

“किती लावणार आहेस तिथे? आधीच खोलीत उभं राहायला जागा नाही.”

“बाबा, तुम्ही वर चढायचात तेव्हा मी खालून विचारत होते का, की किती चढणार आहात?”

ते गेले. दार त्यांनी जरा जोरातच लावलं.

पहिले आठ दिवस तर स्वर्गच. डाव्या पडद्यावर रणमंडळ पाण्यासारखं वाहत होतं. मान वळवायचा अवकाश, की उजव्या पडद्यावर क्रेनचं चित्र काचेसारखं स्वच्छ. एकदाही काही गोठलं नाही. नवव्या दिवशी तिने गेममध्ये पूर्वकृती चालू केली आणि तिच्या वेगाबद्दल संघातली पोरं कुजबुजायला लागली. पंधराव्या दिवशी तिने ती क्रेनवरही चालू केली. फक्त तासाभरासाठी, बघू तरी, असं तिने स्वतःला सांगितलं. त्या तासात एकदा ती खेळात गुंतली, आणि क्रेन आठवल्यावर तिने झटकन उजवीकडे पाहिलं. कंटेनर जहाजावर आपल्या जागी बसलेला होता. एका बोटाचीही चूक नव्हती. तिनेच बसवला असता तसा.

मग तिने ती सोय बंद केलीच नाही.

तासाला चोवीस कंटेनरचे एकतीस झाले. कंपनीतून नितीन बोरवणकरचा, म्हणजे घरबसल्या चालकांच्या साहेबाचा, फोन आला. “सुर्वे मॅडम, काय चाललंय काय! बाकीच्यांना शिकवा जरा.” तिच्या संगणकात कुठली चिप आहे, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला नियम आठवावा लागला असता.

विचारलं ते हमीद परकारने.

“सात नंबर, मी बोलायच्या आधी उचललंस.”

शाल्मलीने डाव्या पडद्यावरची नजर न काढता उत्तर दिलं, “तुमचा आवाज आला, परकार.” लहानपणी ती त्याला हमीदचाचा म्हणायची. ईदला त्याच्या घरी जाऊन शीरखुर्मा खायची. घरबसल्या चालकांच्या विरोधात बंदरावर जी सभा झाली, तिच्यात त्याने तिचं नाव घेऊन भाषण केलं. त्या दिवसापासून ती त्याला आडनावाने हाक मारत होती.

“मी अजून तोंड उघडलं नव्हतं.”

“मग लाइनमध्ये गडबड असेल. वॉकी जुना झालाय तुमचा. तुमच्यासारखाच.”

मग हमीद म्हणाला, “तुझा बाप वर होता तेव्हा मी ‘उचल’ म्हटलं की एक दम थांबायचा. अठरा वर्षं थांबला. त्या एका दमात माझ्या माणसांनी किती वेळा हात काढून घेतलेत, तुला काय ठाऊक?”

“माझ्या बापाचे तासाला अठरा व्हायचे. माझे एकतीस होतात. तुम्हाला झेपत नसेल तर सहा नंबरवर जा.”

“गो पोरी, तू तिथे नाहीस,” हमीद म्हणाला. “मी कुणाशी बोलतोय ते मला ठाऊक नाही, पण तू तिथे नाहीस.”

तिच्या अंगावर काटा आला. काटा आला म्हणून ती आणखीच चिडली. त्याच दुपारी तिने कंपनीकडे लेखी तक्रार केली, की परकार वॉकीवर अपमानास्पद बोलतात आणि कामात अडथळा आणतात. त्यानेही तक्रार केली, की सात नंबरची क्रेन हुकमाच्या आधी हलते. आकडे तिच्या बाजूने होते. हमीदला ताकीद मिळाली, तीही सगळ्यांसमोर, सकाळच्या हजेरीच्या वेळी.

संध्याकाळी जेवताना वसंतरावांनी ताट बाजूला सारलं.

“हमीदचा फोन होता. रडत होता तो. पन्नाशी उलटलेला माणूस.”

“मग मी काय करू?”

“त्याला मेमो दिलास तू?”

“कंपनीने दिला.”

“शाल्मली, तो म्हणतो क्रेन त्याच्या मनातलं ओळखते. हे कसं?”

“तुम्ही दोघं मिळून मला खाली खेचायला बसलाय,” ती म्हणाली आणि उठली. पण प्रश्न तिच्या मागोमाग खोलीत आला. कसं ओळखते? तिने उत्तर शोधलं नाही. शोधायला पूर्वाच्या नोंदी उघडायला लागल्या असत्या, आणि त्यात तिच्या नजरेचा सगळा हिशोब होता.

हमीदने मात्र उत्तर शोधायचं ठरवलं, त्याच्या पद्धतीने. ताकीद मिळाल्यानंतरच्या बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला त्याने सात नंबरखाली एक रिकामा कंटेनर असलेला ट्रेलर घेतला. ड्रायव्हरला खाली उतरवून चहाला पिटाळलं. आपल्या दोन पोरांना लांब उभं केलं. तीन लॉक सोडवली आणि चौथं मुद्दाम तसंच ठेवलं. मग बारा-पंधरा पावलं मागे गेला, वॉकी तोंडाशी धरला आणि उचल म्हणायच्या ऐवजी “थांब” म्हणाला. क्रेनवर माणूस असेल तर क्रेन थांबेल. नसेल तर रिकाम्या डब्याबरोबर ट्रेलरचा एक कोपरा वर येईल, कॅमेऱ्यांत टिपलं जाईल, आणि सगळ्या बंदराला कळेल की हमीद परकार खोटं बोलत नव्हता. एवढाच त्याचा बेत होता.

शाल्मली त्या वेळी नव्या स्पर्धेतला उपांत्य सामना खेळत होती.

पुढे काय झालं ते तिने नंतर पूर्वाच्या नोंदींत अनेकदा वाचलं. तीन सेकंदांची गोष्ट होती. हमीद बोलण्याआधी नेहमी एक श्वास घेई, छोटासा, नाकाने. वॉकीचं बटण तो त्याच्याही आधी दाबत असे. चोवीस वर्षांची सवय. शाल्मलीच्या कानांनी तो श्वास कधी ऐकला नव्हता. पूर्वाने तो दहा हजार वेळा ऐकला होता, आणि त्या प्रत्येक श्वासापाठी एकच शब्द आला होता. म्हणून पूर्वाला शब्दाची गरज उरली नव्हती. हमीदने श्वास घेतला आणि क्रेनने कंटेनर उचलला.

मग “थांब” आलं. अंदाज चुकला हे पूर्वाला डोळ्याची पापणी लवायच्या आत कळलं, आणि अंदाज चुकल्यावर चिप जे करते तेच त्याने केलं. झालेलं पुसून दुफाट्यावर परत यायला निघाला. म्हणजे कंटेनर होता तिथे, होता तसा, ताबडतोब खाली ठेवायला लागला. संगणकाच्या पोटात हे बिनधोक आहे. तिथे आकडे असतात, आणि आकडे पुसले की गेले. इथे पोलाद होतं. चौथ्या लॉकमुळे ट्रेलर एका बाजूने उचलला गेला होता, तिरका झाला होता, आणि कंटेनर ज्या जागेवर परत जाणार होता ती जागाच आता तिथे नव्हती. डबा कडेवर आदळला, लॉकचा खिळा तुटला, आणि अडीच टनांचं रिकामं पोलाद झोका घेऊन बारा-पंधरा पावलं ओलांडून आलं. हमीद पळाला. उजवा पाय मागे राहिला.

तिला काहीच ऐकू आलं नाही, असं म्हणता येणार नाही. उजव्या बाजूने काहीतरी बारीकसं ऐकू येत होतं. तिची नजर डाव्या पडद्यावर आहे म्हणून पूर्वाने उजव्याचा आवाज आपणहून कमी केला होता. एका कानात संघातली पोरं जिंकल्याच्या आरोळ्या ठोकत होती. “ताई! ताई, काय मारलंस!” आणि दुसऱ्या कानात, लांबच्या खोलीत रेडिओ चालू असावा तसा, एक माणूस ओरडत होता. शाल्मली हसली, आणि हसत हसतच तिने उजवीकडे बघितलं.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

तिसऱ्या दिवशी बोरवणकरचा फोन आला. त्याचा आवाज मऊ होता.

“मॅडम, घाबरायचं कारण नाही. चित्रण आहे आपल्याकडे. चौथं लॉक लागलेलं स्पष्ट दिसतंय. सिग्नल देणाऱ्याची जबाबदारी असते ती. त्याचा हलगर्जीपणा.”

“पण तो थांब म्हणाला होता.”

“म्हणाला, पण क्रेन हलल्यावर की आधी? आवाज घरी पोचायला वेळ लागतो, परत यायला वेळ लागतो. वेळेच्या नोंदी पुढेमागे असतात. ते सिद्ध होत नाही. चौकशी समितीसमोर तुम्ही एवढंच सांगा, की मला ‘उचल’ ऐकू आलं.”

“आणि माझा संगणक मागितला तर?”

“तुमच्या नजरेच्या नोंदी तुमच्या खाजगी आहेत. तुमच्या परवानगीशिवाय त्या कुणालाही उघडता येत नाहीत, तसा कायदाच आहे. तुम्ही परवानगी देणार नाही. बरोबर ना?”

फोन ठेवल्यावर तिने पहिल्यांदा त्या नोंदी उघडल्या. अकरा वाजून सात मिनिटांपाशी चार ओळी होत्या. संकेत: श्वास. अंदाज: उचल. खात्री: नव्याण्णव टक्के. मालकाची नजर: डावा पडदा. तिने मागची पानं उघडली. मालकाची नजर, डावा पडदा. डावा पडदा. डावा पडदा. त्या महिन्यात आठ तासांच्या ड्यूटीत तिने क्रेनकडे सरासरी एकोणीस मिनिटं बघितलं होतं. बाकीचा वेळ क्रेन कुणी चालवली, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला. माझ्यासारखंच कुणीतरी, एवढंच उत्तर तिला सुचलं.

वसंतराव दारात उभे होते. तिने खुर्ची वळवली आणि त्यांना सगळं सांगितलं. चिप, पूर्वकृती, सामना, श्वास. ते ऐकत गेले तसे त्यांचे खांदे खाली आले. ती वाट बघत होती, की ते ओरडतील. हमीद त्यांचा अठरा वर्षांचा सोबती होता. बायको दवाखान्यात होती तेव्हा रोजचा डबा हमीदच्या घरून येई. ते हात उगारतील असंही तिला वाटलं. तिला ते हवंच होतं.

“कुणाला सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“सांगू नकोस.”

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “काय?”

“लॉक उघडं राहिलं... म्हणजे लागलेलं राहिलं, ती चूक त्याचीच आहे. गप्प बस. हमीदला मी सांभाळतो. तो समजून घेईल.”

“बाबा, त्याचा पाय गेलाय.”

“तुझं आयुष्य जाईल. तुरुंगात टाकतील तुला! त्याचं काय राहिलंय आता? दोन-चार वर्षांत घरी बसणारच होता.” बोलता बोलता त्यांचा आवाज चिरका झाला. “मी बाप आहे तुझा. मला काय वाटतं ते विचारू नकोस. गप्प बस म्हणतोय तर गप्प बस.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. वर चढून जाणारा हा माणूस तिने लहानपणी खालून बघितला होता, मुंगीएवढा व्हायचा तो. हमीदचा एक शब्द आल्याशिवाय तो दांडा हलवत नसे, हे तिने शंभरदा त्याच्याच तोंडून ऐकलं होतं. आता तोच हमीदला असा सहज खाली सोडून देत होता. तिच्यासाठी. तिला त्याचा भयंकर राग आला. आणि त्या रागात एक गोष्ट मनात पक्की झाली. बापाने तिला शिव्या घातल्या असत्या तर कदाचित ती गप्प बसली असती.

चौकशी बंदराच्या जुन्या कार्यालयात होती. समितीच्या अध्यक्ष कोरगावकर बाई, शेजारी दोन अभियंते, एका बाजूला बोरवणकर आणि त्याचा वकील. दुसऱ्या बाजूला चाकाच्या खुर्चीत हमीद, मांडीवर चादर. त्याने तिच्याकडे एकदाच बघितलं आणि खिडकीबाहेर मान वळवली.

“सुर्वे, तुम्हाला कोणता हुकूम ऐकू आला?” कोरगावकर बाईंनी विचारलं.

“कोणताच नाही,” शाल्मली म्हणाली. “मी ऐकत नव्हते.”

बोरवणकर खुर्चीतून अर्धा उठला. “मॅडम, तुम्ही—”

“मी दुसऱ्या पडद्यावर सामना खेळत होते. क्रेन माझा प्रोसेसर चालवत होता. दीड महिना तोच चालवत होता.” तिने नोंदींची प्रत टेबलावर ठेवली. “ही माझी परवानगी. सगळ्या पानांवर सही आहे.”

कोरगावकर बाईंनी पानं वाचली. श्वासाची ओळ त्यांनी दोनदा वाचली, मग ती मोठ्याने वाचून दाखवली. अभियंत्यांपैकी एकाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. हमीदने खिडकीवरून नजर काढली. तो आपल्या नाकाला हात लावून बसला होता, जणू ते दुसऱ्या कुणाचं होतं.

“कंपनीला या चिपची कल्पना होती?”

“विचारलंच नाही कुणी,” शाल्मली म्हणाली. “आकडे मात्र रोज विचारत होते.”

वकील काहीतरी म्हणाला, ते कुणी ऐकलं नाही. कोरगावकर बाई हमीदकडे वळल्या. त्यांचा सूर सौम्य झाला. “परकार, म्हणजे तुमच्या तक्रारीत तथ्य होतं. लॉक राहून गेलं असेल, पण तुमचा हुकूम योग्य होता. तुमच्यावर ठपका राहणार नाही.”

“लॉक राहून नाही गेलं,” हमीद म्हणाला.

“म्हणजे?”

“मी ठेवलं. मुद्दाम. हिला पकडायची होती मला.” तो शाल्मलीकडे न बघता बोलत होता. “ड्रायव्हर खाली उतरवला, पोरं लांब केली. डबा रिकामा. एवढं जाईल असं वाटलं नव्हतं. पण लॉक मी ठेवलं.”

“परकार, हे तुम्ही सांगितलं नसतं तरी...”

“ठाऊक आहे मला. पण हिच्या खरेपणाने माझं नाव धुवून घ्यायचं नाही मला. हिचं काही नको.”

कोरगावकर बाईंनी पेन खाली ठेवलं, परत उचललं. निकाल व्हायचा तो झाला. शाल्मलीचा परवाना कायमचा रद्द, आणि खटला वेगळा. हमीदची नोकरी गेली. कंपनीला दंड झाला, आणि सिग्नल देणाऱ्याने दाबल्याशिवाय क्रेनच्या मोटारला वीजच मिळणार नाही असं जुन्या पद्धतीचं एक बटण सगळ्या क्रेनखाली बसवायचा हुकूम निघाला. माणसाने हाताने दाबायचं, साधं लाल बटण. बोरवणकर तिच्याजवळून जाताना म्हणाला, “दोघांनी मिळून दोघांचं वाटोळं केलंत. कमाल आहे.”

बाहेर व्हरांड्यात हमीद गाडीची वाट बघत बसला होता. त्याचा भाचा गाडी आणायला गेला होता. शाल्मली खाली उतरणार होती, पण पायऱ्यांपाशी थांबली आणि परत आली. त्याच्या शेजारी बाक होतं. ती बसली नाही.

“मला माफी मागायची आहे,” ती म्हणाली.

“तुझ्या बापाचा फोन आला होता परवा,” हमीद म्हणाला. “म्हणाला, समजून घे. मी ठेवून दिला.”

“मला ठाऊक नव्हतं.”

“तुला काय ठाऊक होतं?”

बंदराच्या बाजूने भोंगा वाजला. सात नंबरची क्रेन मान वर करून बंद उभी होती. हमीदने तिकडे बघितलं नाही. तो तिच्याकडेच बघत होता, डोळे बारीक करून, एखाद्या लॉककडे बघावं तसा.

“एक सांग,” तो म्हणाला. “आत जे बोललीस ते कशासाठी बोललीस? मी लंगडा झालो म्हणून? का बापाची लाज वाटली? का स्वतःला चांगलं म्हणवून घ्यायला?”

तिन्ही गोष्टी थोड्या थोड्या खऱ्या होत्या. सामना जिंकल्याचा तो आनंद अजून कुठेतरी अंगात शिल्लक होता, हेही खरं होतं, आणि ते सांगता येण्यासारखं नव्हतं. ती शब्द शोधत राहिली. भाच्याची गाडी फाटकातून आत आली, वळली, पायऱ्यांपाशी येऊन थांबली. तरी तिला काही सुचलं नाही. हमीद ताटकळत बसला होता. त्याने भाच्याला हाताने थांबवलं.

“मला नाही सांगता येत,” शेवटी ती म्हणाली. “खरंच नाही येत.”

हमीदने हळूच मान हलवली.

“हां,” तो म्हणाला. “म्हणजे आज तू आहेस इथे. त्या मशीनने केव्हाच सांगून टाकलं असतं.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून त्याचा चेहरा पुन्हा कडक झाला.

“रडू नको. माफ केलेलं नाही मी तुला. करणारही नाही. नीट ऐकलंस ना?”

“ऐकलं,” ती म्हणाली.

“बरं झालं.” त्याने भाच्याला खूण केली. भाच्याने खुर्ची गाडीकडे वळवली, आणि शाल्मली त्यांना वाट द्यायला दोन पावलं मागे सरली.